बासुंदीतली साखर कुठे गेली

काकू, तुझं दिवसकार्य उरकलं, आज गोडाचं जेवण झालं आणि उष्टी पानं मी काढली. एक पान तेवढं राहिलंय, त्याचं नंतर सांगते. भांडी घासणारी रखमा पदर खोचून पुढे आली होती, "लेकीच्या जातीनं खरकट्यात कशाला हात घालायचा," म्हणत होती. तिला मी बाजूला केलं. या घरात पंगत उठली की पानं तू काढायचीस आणि दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाहीस, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. आता सगळे लवंडलेत. काका ओसरीवर भिंतीकडे तोंड करून पडलेत. झोपलेले नाहीत, हे पाठीवरून कळतं. मी तुझ्या पाटावर बसले आहे. रडायचं तेवढं रडून झालं. आता आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय, ते पुरं करते.

माझे आईवडील तापाच्या साथीत गेले आणि तू मला पदराखाली घेतलंस. तुला मूल नव्हतं, मला आई नव्हती. पण त्याचं कौतुक तू केलं नाहीस आणि मलाही करू दिलं नाहीस. "ही आमची पुतनी," एवढं म्हणायचीस आणि पुढच्या कामाला लागायचीस. काकांची बाजारात धान्याची आडत. बाजाराच्या दिवशी लांबलांबच्या गावची माणसं गाड्या सोडून आपल्या ओसरीवर टेकायची, आणि ओसरीवर टेकलेला माणूस न जेवता गेला तर तुझं दिवसभर डोकं दुखायचं. पण तुझा खरा सोहळा सुरू व्हायचा तो माणसं जेवून उठल्यावर. हात कमरेवर ठेवून तू ओळीच्या टोकाशी उभी राहायचीस आणि उष्ट्या पत्रावळी एकेक करून बघत पुढे सरकायचीस. पोथी वाचणारा बरा, इतका वेळ लावायचीस. मी शेणाचा गोळा हातात घेऊन जमीन सारवायला खोळंबलेली.

"पान बोलतं, सुशे," तू म्हणायचीस. "मानूस तोंडानं काय बी सांगंल. पानाला लपवता येत न्हाई."

तिसगावचे ते थोराड पाहुणे आठवतात? दर खेपेला ठेचा दोनदा मागून घ्यायचे. एकदा त्यांच्या पानावर ठेचा तसाच राहिला होता आणि भाकरीचा नुसता पापुद्रा खाल्लेला. "तोंड आलंय," तू म्हणालीस, "तंबाखू लई झाली." आणि गाडी जुंपताना त्यांच्या हातात तुपाची वाटी ठेवलीस. ते बघतच राहिले. पण त्यांना तू विचारलं नाहीस. तू कधीच कुणाला विचारत नव्हतीस. मी म्हणायचे, "अगं, तोंड आलंय का, असं नुसतं विचारलं तर काय बिघडतं?" त्यावर तुझं ठरलेलं उत्तर, "इचारलं की मानूस सावध हुतो." या वादात मी तुला कधी हरवू शकले नाही, कारण तुझं निदान बरोबर निघायचं.

आणि ती चांदीची वाटी. शेजारच्या नव्या सुनेचं डोहाळजेवण आपल्या घरी केलं होतंस. जेवणं झाली आणि वाटी सापडेना. भांडी घासायला रखमा होती, तेव्हा बायकांच्या नजरा तिच्याकडे वळल्या. रखमेच्या हातातली राख तशीच राहिली. तू मात्र पानांपाशी जाऊन उभी राहिलीस. त्या सुनेच्या पत्रावळीवर कढी पसरून भातात गेली होती. तू म्हणालीस, "कढी पानावर सांडलीय, म्हंजे वाटी हिच्यापुढं आलीच न्हाई. जी पंगतीला आली न्हाई, ती पंगतीतून चोरीला कशी जाईल?" वाटी देवघरात निघाली. सकाळी काकांनीच पंचामृताला नेली होती आणि विसरले होते. रखमा तुझ्या पाया पडायला आली तर तू तिला रागावलीस. म्हणालीस, घास भांडी. त्या दिवशी तू मला घरातली सगळ्यात मोठी न्यायाधीश वाटलीस.

म्हणून तर माझा राग आहे, काकू. रखमेला वाचवणारी तू, आत्याच्या वेळी कुठे गेलीस?

गोदाआत्या काकांची धाकटी बहीण. कमी वयात कपाळ पांढरं झालं आणि माहेरी आली. तिची जीभ तिखट आणि हात गोड. तिच्या हातची बासुंदी म्हटली की काकांचे व्यापारी एक दिवस मुक्काम वाढवायचे. मला न्हाऊ घालणारी तू, पण वेणी घालणारी ती. तुझी वेणी ओढून बसायची, तिची हलकी.

लढाईचे दिवस होते. साखर कार्डावर, रॉकेल कार्डावर. त्यात मला स्थळ आलं. मुलगा राहुरीकडचा, शिकलेला, दिसायला बरा. मला तो आवडला होता. हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही, आता सांगायला हरकत नाही. त्याचे वडील अंथरुणाला खिळलेले, म्हणून मामाला घेऊन मला बघायला आला. दोघं जेवून गेले आणि काकांनी त्यांना निरोप देतानाच होकार देऊन टाकला. पुढच्या खेपेला त्यांची सगळी मंडळी येणार, जेवणं होणार आणि जेवणावर सुपारी फोडायची, असं ठरलं. सुपारी फुटली की लग्न पक्कं. मधल्या दिवसांत तू एकदा काकांना म्हणालीस, "जरा दमानं घ्या की." काका म्हणाले, "शब्द दिलाय मी. आता काय दमानं?" तू गप्प बसलीस. तुझं ते गप्प बसणं मला नवीन होतं, पण लग्नाच्या गडबडीत कोण लक्ष देतं.

साखर पुरेना म्हणून तू गल्लीत फिरलीस. चार घरांनी आपापल्या वाट्यातली दिली. पलीकडच्या हमीदाबींनी तर ईदसाठी राखलेली काढून दिली. ती सगळी तू एका पितळी डब्यात भरलीस.

सुपारीच्या दिवशी सकाळीच कुणीतरी शेजारीण तुला म्हणाली की मुहूर्ताच्या वेळेला गोदाबाईंना आतच बसू द्या. आत्यानं ते ऐकलं. चुलीपुढून तिनं असा आवाज चढवला की ओसरीवर ऐकू गेला. "माझी बासुंदी चालती, माझं तोंड चालत न्हाई व्हय?" तू तिला समजावलंस, तीही निवली, डोळे पुसून दूध आटवायला बसली. दूध उतरल्यावर तूच तिच्या हातात तो डबा दिलास आणि तिनं तो पातेल्यात रिकामा केला. नैवेद्याआधी चाखायचं नाही, ही या घराची रीत. कुणी चाखलं नाही.

पंगत बसली. पुऱ्या झाल्या, भाज्या झाल्या. मग द्रोणातून बासुंदी फिरली. मुलाच्या मामांनी द्रोण तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला. शेजारच्यानं ठेवला. ओळ अशी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गप्प होत गेली. काकांनी घोट घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला. खारट, तोंडात धरवेना इतकी. पाहुणे भली माणसं होती, एक शब्द बोलली नाहीत. हात धुतल्यावर मामा एवढंच म्हणाले, "सुपारी पुढल्या खेपंला फोडू." गोडाच्या जागी मीठ आलं, हा कौल त्यांना पुरला. पुढली खेप कधी आली नाही.

मग चौकशी झाली. डबा रिकामा होता, तळाशी साखरेचे चार दाणे चिकटलेले. म्हणजे साखर बासुंदीत पडली. वरून मीठ कुणीतरी घातलं. आणि सकाळचं आत्याचं बोलणं तर सगळ्यांनी ऐकलं होतं. काका आत्यापुढे उभे राहिले. "पोरीच्या सुखात मीठ कालवलंस तू." आत्या म्हणाली, "दादा, डब्यात हुतं त्येच मी वतलं. दुसऱ्या कशाला मी हात लावला न्हाई." ती तुझ्याकडे बघत होती. काकू, ती तुझ्याकडे बघत होती आणि तू पानं काढत होतीस.

आत्या महिनाभर राहिली. तिनं गोडाच्या पातेल्याला हात लावायचा नाही, असं काकांनी सांगून टाकलं. एक दिवस सासरच्या चुलत पुतण्याला निरोप पाठवून ती सोनईला निघून गेली. तिथे शेण काढते, जळण गोळा करते, त्यांची पोरं सांभाळते. निघताना ती माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "सुशे, मला कदी कदी वाटतं, माझ्याच हातून झालं असंल. माझे डोळे फिरले असतील." ते वाक्य माझ्या डोक्यातून कधी गेलं नाही.

कारण मी ती बासुंदी चाखली होती. पाहुणे गेल्यावर पातेल्यात बोट बुडवून चाटलं होतं. त्यात मीठ होतं, आटवलेलं दूध होतं, वेलदोडा होता. गोडाचा मागमूस नव्हता. मी धावत तुझ्याकडे आले, "काकू, यात साखरच नाही." तू पातेलं उचललंस आणि परसात ओतून दिलंस. म्हणालीस, "जीभ भाजली असंल तुझी." त्या दिवसापासून आपलं भांडण. माझं लग्न नगरला झालं, मी दर दिवाळीला माहेरी यायचे आणि कधी पुऱ्या लाटताना, कधी पाटावर बसताना विचारायचे, साखर कुठे गेली, काकू? तू कधी म्हणायचीस ताट घे, कधी म्हणायचीस जुनं उकरू नये. सबंध गल्लीतली चोरी तू पत्रावळीवरून सांगायचीस आणि घरातल्या एका डब्याचं कोडं तुला सुटत नव्हतं. मला ते पटायचं नाही, पण त्यापलीकडे माझं मन जात नव्हतं.

गेल्या महिन्यात तुझं पोटाचं दुखणं बळावलं म्हणून मी आले. एक दिवस दुपारी हमीदाबी तुझ्या उशाशी बसायला आल्या. तुला बरं वाटावं म्हणून जुन्या गोष्टी काढत होत्या. मला म्हणाल्या, "तेरी काकी जबान की पक्की हाय बघ. सुपारीला साखर नेली हुती ना? ईदच्या आधी सगळी वापस आनून दिली. लढाईत कुटनं पैदा केली, अल्ला जाने. बाकीच्या घरांना बी दिली." तू डोळे मिटून घेतलेस.

हमीदाबी गेल्या. मी दार ओढून घेतलं. त्या दिवसांत साखर कुणालाच कुठून पैदा होत नव्हती, काकू. जी साखर बासुंदीत पडली असं सगळं घर समजत होतं, तीच तू परत केलीस. दुसरं कुणी असतं तर साखरेवर मीठ फेकून मोकळं झालं असतं. मीठ घालण्याआधी साखर काढून जपून ठेवणारी बाई या घरात एकच होती. गल्लीची साखर वाया घालवणं तुझ्या जिवावर आलं, आणि नणंदेचं नाव वाया गेलं ते चाललं.

मी काही विचारायच्या आधी तूच म्हणालीस, "व्हय. डब्यात कुटलेलं मीठ मीच भरलं. वर साखरंचा थर दिला."

"का?"

"पान बोललं," तू म्हणालीस. आणि मग श्वास घेत घेत सगळं सांगितलंस. पहिल्या खेपेला मुलगा आणि मामा जेवून गेले, तेव्हा मुलाच्या पानावर ताकभाताची चार शितं राहिली होती आणि त्यांवर रक्त होतं. तुझा थोरला भाऊ क्षयानं गेला. त्याचं पहिलं रक्त तूच पाहिलं होतंस, पानावर, लग्नाआधी तुझ्या माहेरी. तेव्हा तू कुणाला बोलली नाहीस, लहान होतीस. त्याचं लग्न झालं आणि वर्षात एक पोर उघडी पडली. तेव्हापासून तू पानं काढायला लागलीस. हे सगळं मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. मी समजत होते, तुला हौस आहे.

"उघड सांगितलं असतं तर त्या पोराचं नाव गेलं असतं," तू म्हणालीस. "त्याच्या पाठच्या बहिनी हायेत. कोन केली असती त्यांना? मला वाटलं, गडबडीत चुकलं म्हनतील, पाहुने रुसून जातील, सुटलं. तुझे काका वन्संवर जातील, हे ध्यानातच आलं न्हाई. आनि मग बोलायची सोय ऱ्हायली न्हाई." थोड्या वेळानं विचारलंस, "तुझं भलं झालं न्हवं?"

मी म्हणाले, "झालं." खोटं नव्हतं ते. माझे यजमान सज्जन आहेत.

"मग कुनाला सांगू नको. पोराचं नाव खराब हुईल."

मी हो म्हटलं नाही, काकू. तुझे पाय चेपत राहिले.

त्या वेळी मला जे सांगायचं होतं ते माझ्या ओठांवर येऊन थांबलं. आता सांगते. तू ज्याचं म्हणून वाचलंस, ते पान त्याचं नव्हतंच.

काकांनी मुलाला मोठ्या प्रेमानं आपल्या शेजारच्या पाटावर बसवलं. एवढं तू दारातून पाहिलंस आणि पोळ्या लाटायला आत गेलीस. मी झरोक्याला डोळा लावून उभी होते. त्या ओळीची तोंडं दक्षिणेला होती. मामा म्हणाले, "भाच्याचा बाप हाय अजून. त्यानं दक्षिणेला तोंड करून जेवायचं न्हाई. ऊठ रे, मी तिकडं बसतो." दोघांनी पाट बदलले. मुलगा समोरच्या ओळीत गेला आणि काकांशेजारी मामा बसले. हे तुझ्या लक्षात आलं नाही, कारण तू जिन्नस बघत होतीस. माझ्या लक्षात राहिलं, कारण मी मुलगा बघत होते. आणि मामांना पाहिल्याचंही आठवतं. सगळं जेवण ते एका गालानं चावत होते, पोळी ताकात भिजवून घेत होते, मधेच गालावर हात दाबून धरत होते. म्हाताऱ्याची दाढ हलत होती, काकू. त्या एका दाढेपायी सुपारी मोडली, आत्या सोनईला गेली, आणि तू आपल्या पोटात ते घेऊन इतकी वर्षं पानं काढत राहिलीस. मुलगा ठणठणीत आहे. माझ्या यजमानांच्याच शाळेत मास्तर होऊन आला, दोन मुलींचा बाप आहे, स्नेहसंमेलनाच्या जेवणात जिलबी मागून मागून खातो.

तुझ्या उशाशी बसून मला ते सांगवेना. तू माझ्यासाठी पाप केलंस आणि ते माझं भलं करून गेलं, एवढ्या समजुतीवर तू निजत होतीस. ती समजूत काढून घेऊन मी तुला काय देणार होते? तू गेलीस तेव्हा तुझा चेहरा निवांत होता. मला त्याचं समाधान आहे, आणि त्याच चेहऱ्याचा रागही येतो, कारण सोनईला बसलेल्या बाईला तसं निवांत निजता आलं नव्हतं.

म्हणून मी तुझं ऐकलं नाही. जपायला आता कुणाचं नाव उरलं नव्हतं. उरलं होतं ते तुझं.

आत्या काल सर्व्हिस मोटारीनं आली. केवढी वाळलीय. माजघरात तुझ्या जागेकडे बघून बसून राहिली, रडली नाही. सकाळी दूध आलं. काकांनी विचारलं, "गोड काय करायचं?" मी म्हणाले, "बासुंदी."

काका दचकले. त्या दिवसानंतर या घरात बासुंदी झाली नव्हती. "कोन करनार?"

"आत्या करेल."

"सुशे, आज तरी शोभा नको," काका खालच्या आवाजात म्हणाले. आत्या उठून परसाकडे निघाली होती. तिला मी हाताला धरून थांबवलं आणि सगळं सांगितलं. डबा, मीठ, साखर, पान, पाट, दाढ. स्वयंपाकघरात रखमा होती, मागच्या दारात हमीदाबी होत्या. त्यांच्या देखत सांगितलं, कारण आत्यावर आळ आला तोही सगळ्यांच्या देखतच आला होता. तुझ्या गोडाच्या दिवशी मी तुला सगळ्यांपुढे उभं केलं. सांगून झाल्यावर मोकळं वाटेल म्हणतात तसं काही वाटलं नाही.

काका उंबऱ्यावर बसले. "मला का न्हाई बोलली ती?"

"बोलायला आली होती. तुम्ही शब्द दिला होता."

त्यांनी आत्याकडे पाहिलं. "गोदे," एवढंच म्हणाले.

आत्यानं त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती मला विचारत होती. "म्हंजे डब्यात मीठच हुतं?"

"हो."

"माझे डोळे गेले न्हवते?"

"नव्हते, आत्या."

ती हातपाय धुऊन आली आणि चुलीपुढे बसली. दूध आटवलं, साखर घातली, डाव फिरवला. आणि नैवेद्याचं पान वाढायच्या आधी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, तिनं डावातली बासुंदी तळहातावर घेतली आणि चाटली. सोवळ्याच्या स्वयंपाकात असं करायची कुणाची छाती झाली नसती. काका बघत होते. तिनं पुन्हा घेतली, पुन्हा चाटली. मग म्हणाली, "गोड हाय. वाढ." काकू, तुझ्या पानावर आज उष्टी बासुंदी पडली आहे. गाईला घालायच्या आधी मी ते पान कपाळाला लावलं.

बायकांची पंगत शेवटी बसली. ती उठल्यावर मी तुझ्यासारखी हात कमरेवर ठेवून उभी राहिले. रखमेचं पान लख्ख, हमीदाबींचं ताट मागच्या दारी लख्ख. मग आत्याचं पान बघितलं. भात संपला होता, भाजी संपली होती, पुरीचा तुकडा नव्हता. बासुंदीचा द्रोण मात्र भरलेला, तसाच. तिनं घोटही घेतला नव्हता. तू असतीस तर म्हणाली असतीस, पान बोलतंय: जेवली, पण माफ केलं न्हाई. मीही तेच वाचलं. ते पान तिथेच ठेवून बाकीची काढली, जमीन सारवली, आणि इथे तुझ्या पाटावर येऊन तुला हे सगळं सांगायला लागले.

पण मघाशी मधेच उठले. तू जे कधी केलं नाहीस ते केलं. आत्या परसात कडुनिंबाखाली बसली होती. तिच्याजवळ जाऊन विचारलं, "आत्या, बासुंदी का गं टाकलीस?"

तिनं गालावर हात ठेवला. "दाढ ठनकतीया. सकाळी दोनदा चाटली तेवढ्यानं कळ मस्तकात गेली."

मला हसू आलं, आणि हसता हसता जे व्हायचं ते झालं. तिनं मला जवळ ओढून घेतलं, माझ्या पाठीवर हात फिरवत राहिली. म्हणाली, "वहिनीनं एकदा इचारायचं हुतं गं मला. पोरीसाठी पायजे म्हनली असती, तर ते मीठ मी डोळे उघडे ठिवून घातलं असतं. आनि सोनईला बी हसत गेले असते."

आता उठते, काकू. तिचं पान काढायचं राहिलंय.